दूधबहिणीची साक्ष

म्हसळ्याच्या एसटी स्टँडमागे एक जुनी दगडी भिंत आहे. भिंत कसली, पुरुषभर उंचीचा एक तुकडा उरलाय, आणि त्या तुकड्याचा स्टँडवरचे समस्त पुरुष काय उपयोग करतात ते मी लिहायला नको. खतीबसरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या भिंतीसमोर. नाकाला रुमाल, हातात टेप, आणि वहाणा काढून बाजूला नीट जोडीने ठेवलेल्या. मी म्हटलं, "अहो सर, वहाणा तरी घाला पायात! इथे काय काय सांडलेलं असतं!" त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "त्यात भिंतीचा काय दोष, बाई?"

मी मनात म्हटलं, झालं कल्याण. आता दोन वर्षं या माणसाबरोबर एका जीपमध्ये काढायची.

जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायचं काम तेव्हा निघालं होतं. देवळं, दर्गे, विहिरी, कबरी, गढ्या, वीरगळ, जे काही जुनं उभं किंवा आडवं सापडेल ते शोधायचं, मोजायचं आणि त्याला श्रेणी द्यायची. पहिली, दुसरी, तिसरी. श्रेणी द्यायची ती मूल्यमापकाने, म्हणजे खतीबसरांनी. मापं लिहून नकाशे काढायचे मी. मी नागावची, डिप्लोमा केलेली ड्राफ्ट्समन, कंत्राटावर. आमच्या नारळाच्या वाडीत तेव्हा दिरांनी होमस्टे काढला होता आणि पाहुण्यांच्या चादरी धुण्यापेक्षा उन्हात फिरणं बरं, म्हणून मी हे काम धरलं. सर म्हसळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. अब्दुल गनी खतीब. उंच, काटकुळे, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्हींची टोकं अशी की बोटात घुसावीत. तळा आणि म्हसळा या दोन तालुक्यांचं काम आमच्या वाट्याला आलं होतं. तिसरा आमचा ड्रायव्हर दत्ता, जो दर अर्ध्या तासाने "चहा?" एवढाच शब्द बोलत असे.

श्रेणी द्यायला एक छापील पत्रक होतं. त्यात पाच रकाने: वय, दुर्मिळता, घडण, लोकांशी नातं, आणि सध्याची स्थिती. प्रत्येकी वीस मार्क. पन्नास भरले की दुसरी श्रेणी, पंच्याहत्तर भरले की पहिली, पन्नासच्या आत तिसरी. मी पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचारलं होतं, "या श्रेणीवरून पुढे ठरणार काय?" तर म्हणाले, "काही नाही हो, यादीपुरतं." लक्षात ठेवा हे उत्तर. मी अजून विसरलेले नाही.

सरांची काम करायची पद्धत म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. जागेवर गेलं की आधी वहाणा काढायच्या. मग एकदा सगळ्या बाजूंनी फिरायचं, तोंडातून अक्षर नाही. मग मापं. मापं झाली की बोटाच्या पेराने दगडावर टकटक करून कान लावायचा. मग पेन्सिलीने मार्क लिहायचे, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं लांब जाऊन बसायचं, वास्तूकडे पाठ करून. परत येऊन तेच मार्क पेनाने गिरवायचे किंवा खोडायचे. खोडलेच तर बहुतेक वेळा कमी करायचे. मी एखादी कमान पाहून "अय्या, काय सुंदर आहे!" म्हटलं की ते म्हणायचे, "मला आवडलं, तुम्हाला आवडलं, हा मुद्दा नाही, पाटीलबाई." दिवसातून पाचदा तरी हे वाक्य. दत्ता तर चहा कसा होता असं विचारलं की तेच म्हणायला लागला होता.

ज्या वास्तूला मार्क द्यायचे तिच्यावर ते कधी बसत नसत. पाय कितीही दुखोत. मी चौथऱ्यावर टेकून डबा उघडला की ते समोर उभ्याने भाकरी खायचे. "बसा हो, कोण बघतंय?" तर म्हणाले, "ज्याच्या घरी बसून जेवलो, त्याचा पेपर कसा तपासणार?" शाळेतही म्हणे त्यांनी कधी विद्यार्थ्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. एवढं कोणी करतं का? मला राग यायचा, आणि राग आल्यावर मी बोलते. सर ऐकून घ्यायचे. त्यांच्याशी भांडणात मजाच नव्हती, कारण समोरून काही परत येतच नसे.

तळा तालुक्यातल्या एका गावात देवळाची नोंद करायला गेलो तेव्हा अख्खी पंचकमिटी सामोरी आली. शाल, श्रीफळ, खुर्च्या, कांदेपोहे. देऊळ जुनं, पण आतून बाहेरून बाथरूमच्या टाइल्स लावलेल्या. निळ्या, त्यावर मासे. अध्यक्ष सरांच्या कानाशी येऊन म्हणाले, "पहिली श्रेणी द्या हं. आमचा देव जागृत हाय." सर म्हणाले, "देवाला मी कोण मार्क देणार? मी देवळाला देतो." मग टेप काढली. संध्याकाळी देवळाला तिसरी श्रेणी पडली आणि बाहेरच्या दीपमाळेला, जिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं, दुसरी. शाल कुठे गेली ते कोणाला कळलं नाही. पोहे मात्र मी आधीच खाल्ले होते.

गावात कुजबुज झाली, मुसलमान माणूस देवळाला काय न्याय देणार. मी भांडायला उठले होते, पण सरांनी हात धरून खाली बसवलं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या सासुरवाडीचा दर्गा आला. त्याला नव्याने हिरवा ऑइलपेंट फासलेला. सरांनी तिथेही तिसरीच श्रेणी दिली. सासुरवाडीने दोन ईद त्यांना शिरखुर्म्याला बोलावलं नाही. "जमिलाने पण आठ दिवस अबोला धरला," सर मला सांगत होते, जमिला म्हणजे त्यांच्या बेगम. सांगताना चेहरा असा पडलेला की मला हसू आवरेना. देवळाच्या कमिटीला त्यांनी नंतर स्वतःच्या खर्चाने पत्र लिहिलं, टाइल्स खालच्या दगडाला इजा न करता कशा काढाव्यात, आकृतीसह. उत्तर आलं नाही.

पण हा माणूस कोरडा होता असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. एका वाडीत एक आजी नळाखाली धुणं धूत होती, आणि जिच्यावर कपडे आपटत होती ती शिळा म्हणजे चक्क वीरगळ. सर थांबले. हात जोडून म्हणाले, "आजी, तुमच्या या दगडाचं माप घेऊ का?" आजी म्हणाली, "घ्या ना, पन आधी माजं धुनं होऊं दे." एप्रिलचं ऊन. सर अर्धा तास तिथे उभे. मग आजीने बादलीभर पाण्याने शिळा धुऊन दिली, आणि सर उकिडवे बसून तिला एकेक चौकट दाखवायला लागले. हा बघा खाली लढाईत पडलेला, या बघा त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, हा बघा वर देवापाशी बसलाय. आजीने तोंडावर हात नेला. "आगो बाय! आन् मी चाळीस वरसां त्याच्या तोंडावर गोधड्या आपटतंय!"

त्या वीरगळाला 'लोकांशी नातं' या रकान्यात सरांनी विसापैकी अठरा दिले. मी म्हटलं, "धुण्याच्या दगडाला अठरा?" तर म्हणाले, "चाळीस वर्षं रोज हात लागलाय. याहून नातं काय असतं?" त्या रकान्यासाठी एक नियम होता. साठीच्या पुढच्या दोन माणसांची साक्ष हवी, आणि ती माणसं मूल्यमापकाच्या नात्यातली नकोत. एकच साक्ष मिळाली तर शून्य. आजीची एक झाली, आणि दुसरीसाठी सर वाडीभर फिरून एका म्हाताऱ्या गुराख्याला शोधून घेऊन आले. इतरांच्या वास्तूंसाठी ते असे जीव टाकायचे.

मग त्यांच्या स्वतःच्या गावाची पाळी आली.

खाडीकाठचं गाव. एका अंगाला मुसलमानांचा मोहल्ला, दुसऱ्या अंगाला जेमतेम बारा घरांचा कोळीवाडा, आणि दोन्हींच्या मधोमध, भरतीच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याची एक विहीर. एकतीस पायऱ्या उतरून जायचं. चिरे असे बसवलेले की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. वर दगडी डोणी, पूर्वी गलबतं पाणी भरून घ्यायची त्या. समुद्र इतका जवळ आणि पाणी साखरेसारखं. गावातून जो कोणी लांब जाईल, पूर्वी आफ्रिकेला, आता दुबई-मस्कतला किंवा बोटीवर, तो निघायच्या दिवशी या विहिरीचं पाणी पिऊन जातो. मोहल्ल्यातलाही आणि कोळीवाड्यातलाही. घरची माणसं विहिरीपर्यंतच येतात, पुढे नाही. निरोप तिथेच.

सरांचे वडील असेच गेले होते. सर सहा वर्षांचे. वडिलांनी ओंजळीने पाणी प्यायलं, ओला हात सरांच्या डोक्यावर ठेवला, आणि होडीत बसले. ते परत आलेच नाहीत. पत्र नाही, खबर नाही. हे मला सरांनी नाही सांगितलं, दत्ताने सांगितलं. सरांनी त्या दिवशी वहाणा काढल्या आणि नेहमीसारखे सगळ्या बाजूंनी फिरले. फक्त त्या दिवशी त्यांनी दगडावर टकटक केली नाही.

वयाला बारा. दुर्मिळतेला अकरा. घडणीला पंधरा. "सोळा तरी द्या, सर," मी म्हटलं. "पंधराच होतात." सध्याची स्थिती नऊ, कारण एका बाजूच्या भिंतीने पोट काढलं होतं. सत्तेचाळीस. मी निर्धास्त होते. लोकांशी नातं यायचंच होतं, आणि या विहिरीला तिथे वीसपैकी वीस पडायला हवे होते.

साक्षीला मोहल्ल्यातले चालणार नव्हते, कारण साठीच्या पुढचे सगळे सरांचे चुलते, मावसभाऊ, आतेबहिणी. कोळीवाड्यात साठीच्या पुढचे तीन. पांडू तांडेलाने साक्ष दिली, अंगठा उठवला. त्याचा भाऊ अर्धांगाने अंथरुणावर, वाचा गेलेली. राहिली हिराबाई. ती तर पदर खोचून तयारच बसली होती. "लिव गनी, लिव. माजा नवरा बोटीवर गेला तवा मीच त्याला पानी पाजलंय हितं. माज्या दोनी पोरांना पाजलंय. लिव."

सर लिहीनात. पेन्सिल धरून नुसते उभे.

"सर, लिहा ना," मी म्हटलं.

"हिराची साक्ष चालायची नाही," ते म्हणाले. "ती नात्यातली आहे."

मी दत्ताकडे पाहिलं, दत्ताने माझ्याकडे. खतीब आणि कोळीण, नातं कसलं? तेव्हा सरांनी सांगितलं. त्यांचा जन्म झाला आणि त्यांची अम्मा तापाने आजारी पडली. दोन महिने उठली नाही. हिराबाई तेव्हा तीन महिन्यांची. तिच्या आईने एका बाजूला हिराला आणि एका बाजूला या परक्या पोराला पाजलं. "आमच्यात त्याला नातं म्हणतात, पाटीलबाई. साधंसुधं नाही, सख्ख्या बहिणीसारखं. एका दुधावर वाढलेल्यांचं लग्नसुद्धा होत नाही, हराम आहे."

"अहो, पण ते तुमच्यात! सरकारला कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना."

मी खूप बोलले त्या दिवशी. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. वेडे आहात का, म्हटलं. म्हटलं, धुण्याच्या दगडाला अठरा आणि या विहिरीला शून्य? म्हटलं, मला द्या पत्रक, मी लिहिते. तर म्हणाले, "सहायकाची सही चालत नाही." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "दुसऱ्या कोणाची विहीर असती तर मी दुसरा साक्षीदार शोधत पंचक्रोशी पालथी घातली असती. इथे मी पालथी घालायला निघालो की मला कळत नाही, विहिरीसाठी घालतोय की माझ्या अब्बांसाठी." ते लांब जाऊन बसले, विहिरीकडे पाठ करून. पंधरा मिनिटांनी आले आणि शून्यावर पेन फिरवलं. एकूण सत्तेचाळीस, तिसरी श्रेणी, सही.

हिराबाईने खोचलेला पदर सोडला. टोपली उचलून गेली. बारा घरांच्या वाडीसमोर आपली साक्ष नाकारली, एवढंच तिला समजलं होतं. जाताना तिने सरांकडे पाहिलं नाही, आणि त्यानंतर तिने सरांच्या घरी मासळी टाकणंही बंद केलं. चाळीस वर्षांचा रतीब होता तो.

दोन वर्षांनी आमचं काम संपलं. यादी मंजूर झाली, मोठं पुस्तक निघालं, आतल्या पानावर सरांचं नाव. मी नागावला परत येऊन चादरी धुवायला लागले. त्यानंतर वर्षभराने एक सरकारी परिपत्रक निघालं, की विकासकामात अडथळा होत असेल तर पहिल्या श्रेणीच्या वास्तूला हात लावायचा नाही, दुसरीला वाचवून रस्ता वळवायचा, आणि तिसऱ्या श्रेणीची वास्तू संपूर्ण नोंद करून काढून टाकायला हरकत नाही. यादीपुरतं म्हणाले होते ना! आणि खाडीवर नवा पूल मंजूर झाला होता. पुलाचा रस्ता सरळ विहिरीवरून.

दत्ताचा फोन आला, "मॅडम, सर रोज ऑफिसात जाऊन बसतायत." एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. साहेब नवे होते, मऊ बोलणारे. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सरांचंच पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. "सर, अक्षर तुमचंच ना?" सर म्हणाले, "माझंच." सरांनी हिराबाईची हकीकत सांगितली, पहिल्यापासून, सहावीतल्या मुलाला समजावून सांगतात तशी. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पान काढलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "दूधबहीण हे नातं आमच्या व्याख्येत येत नाही हो. तुम्ही तेव्हा त्या बाईंची साक्ष घेतली असती, तर चाललं असतं."

सरांनी ते पान वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"मग आता घ्या," मी म्हटलं. "बाई जिवंत आहे. मी उद्या घेऊन येते तिला."

"आता यादी मंजूर झालीय, मॅडम. फेरविचाराला समिती लागते. ती अजून नेमलेली नाही."

"कधी नेमणार?"

साहेबांनी वर छताकडे बोट दाखवलं. म्हणजे वरच्या मजल्यावर विचारा. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. तिथे त्यांनी खाली पाठवलं. सरांचे गुडघे तेव्हा कामातून गेले होते. तिसऱ्यांदा जिना चढताना मी त्यांच्या पाठीमागे होते, आणि माझ्या मनात नुसता राग होता. साहेबांवर, नियमावर, पण सगळ्यात जास्त त्यांच्यावर. तीन मार्क, फक्त तीन मार्क हवे होते!

त्या उन्हाळ्यात एका दुपारी सर नागावला आमच्या घरी आले. एसटीने, एकटे. मी पडवीत खुर्ची टाकली, सोलकढी दिली. त्यांनी पेला हातात धरून ठेवला. वाडीची चौकशी केली, मुलांची केली, दिरांच्या होमस्टेची केली. मग विचारलं, "पत्रकांची कॉम्प्युटरवरची प्रत तुम्हीच केली होती ना, पाटीलबाई?"

"हो, सर."

"ती... अजून तुमच्याकडे असेल?"

"आहे."

"कागदावर आहे तेच तिच्यात असतं. की... म्हणजे भरताना एखाद्या वेळी... तुमच्या हातून रकान्यात..."

त्यांचे कान लाल झाले होते. सासुरवाडीच्या दर्ग्याला तिसरी देणारा, विद्यार्थ्याच्या घरचं पाणी न पिणारा माणूस माझ्या पडवीत बसून मला विचारत होता, खोटं करता येईल का. तीन वर्षं मी याच माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते, जरा वाकत का नाही म्हणून. आणि आता तो माझ्यासमोर वाकला, तेव्हा मला वाटलं, नको हो सर, नको! उठून त्यांचे दोन्ही हात धरावेत असं वाटलं.

मी केलं असतं. खरं सांगते, त्या क्षणी बदलून दिलं असतं, आणि वर शपथ घेतली असती. पण माझ्याकडची प्रत काय कामाची? मंजूर यादीला सहीचा कागद जोडलेला, छापलेल्या पुस्तकात श्रेणी आलेली, सगळीकडे सत्तेचाळीस. मी त्यांना तसं सांगितलं. जेवढ्या हळू सांगता येईल तेवढ्या हळू.

"हां हां," सर म्हणाले. "मी फक्त विचारलं."

सोलकढी त्यांनी एका दमात संपवली. पहिल्यांदाच ते माझ्या घरचं काही प्यायले. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी विचारायला नको होतं, पाटीलबाई. माफ करा." मी स्टँडपर्यंत सोडायला गेले. घरी येऊन मी मोरीत बसून रडले. सासूबाई म्हणाल्या, काय गं झालं, मी म्हटलं, काही नाही, साबण गेला डोळ्यांत.

आणि एवढ्यावर भागलं नाही. तिसऱ्या श्रेणीची वास्तू काढण्यापूर्वी जी संपूर्ण नोंद करायची असते, ती शक्यतो मूळ मूल्यमापकाने करावी असा नियम आहे. सरांना पत्र आलं. मला वाटलं, ते फाडून टाकतील. त्यांनी मला फोन केला. "याल का? दुसऱ्या कोणी केलं तर घाईत उरकतील."

आम्हाला एक दिवस दिला होता. सरांनी तीन लावले. पहिल्या दिवशी एकतीस पायऱ्या, डोणी, कठडा. दुसऱ्या दिवशी भिंतींचा चिरा न् चिरा, एकेकाची लांबी, रुंदी, टवका, टाकीचा घाव. ठेकेदाराचा सुपरवायझर साताऱ्याकडचा भला गृहस्थ होता. जांभळाच्या झाडाखाली मशीन उभं करून वाट पाहत बसलेला. दुसऱ्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, मला वरून फोन येताहेत. सरांना जरा सांगता का?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा." त्याने सरांकडे पाहिलं आणि परत झाडाखाली जाऊन बसला.

विहीर त्या शुक्रवारी बुजवली. मुरूम, खडी, रोलर. मी गेले नाही. सरही घराबाहेर पडले नाहीत, असं दत्ता म्हणाला. पुढे मुलाने त्यांना मस्कतला नेलं. जाताना ते काय पिऊन गेले असतील, हा विचार मी करत नाही. पुलावरून आता गाड्या सुसाट जातात, आणि खाली काय होतं ते कोणाला सांगायला गेलं तर ऐकणारा आधी विचारतो, कुठली श्रेणी होती.

मला दिसतात ते विहीर बुजवायच्या आदल्या दिवशीचे सर, नोंदीच्या तिसऱ्या दिवसाचे. मोजायला काही उरलं नव्हतं. माझी वही भरत आली होती. मी वर कठड्यापाशी, सर खाली पाण्यापाशी, गुडघ्यावर एक हात ठेवून. ऊन कलायला आलं तेव्हा हिराबाई आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. वरच्या पायरीवर बसली आणि हात पुढे केला. सरांनी खालून वर पाहिलं. मग एकेक पायरी चढून वर आले आणि टेपचं टोक तिच्या हातात दिलं. तिने ते अंगठ्याखाली दाबून धरलं. सुपरवायझर झाडाखालून उठला, घड्याळ पाहिलं, परत बसला.

"घट धर गो, हिरा," सर म्हणाले.

"धरलंय. तू मोज."

सरांनी टेप ताणली, चष्मा वर केला, आणि विहिरीतून त्यांचा आवाज आला, "पायरी पहिली. लिहा, पाटीलबाई."

पहिली पायरी माझ्या वहीत दोनदा लिहिलेली होती. मी पाठचं कोरं पान काढलं आणि विचारलं, "लांबी?"